शेवटचा अर्धा कप्पा

मागच्या नोंदीतला घोळ सुटला. आरजी-५८ या कोअ‍ॅक्सियल केबलच्या संगणकातल्या मॉडेलला टोकाला केबलच्याच इंपीडन्सएवढा, ५० ओहमचा रेझिस्टर लावला की पल्स परत यायला नको; तरीही ३ टक्क्यांच्या आसपास परत येत होता, आधी खाली जाणारा, मग वर उसळणारा. नुसता रेझिस्टर असा आकार देत नाही. तो पल्सची लहान प्रत पाठवतो, सुलटी किंवा उलटी. हा आकार कॅपॅसिटरचा. मग मॉडेलमध्ये तो आला कुठून?

मॉडेल एफडीटीडी पद्धतीचं आहे: केबलचे छोटे कप्पे पाडायचे आणि वेळेची छोटी पावलं टाकत प्रत्येक कप्प्यातलं व्होल्टेज आणि करंट काढायचं. यात व्होल्टेज आणि करंटचे बिंदू एकमेकांपासून अर्धा कप्पा सरकवलेले असतात, वेळेतही अर्धं पाऊल मागेपुढे (यी यांची १९६६ ची मांडणी). त्यामुळे शेवटच्या व्होल्टेज-बिंदूच्या वाट्याला केबलचा अर्धाच कप्पा येतो. मी पूर्ण दिला होता. केबलची कॅपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरड, कप्पा ५ सेंटिमीटरचा, म्हणजे टोकाला २.५ पिकोफॅरड जादा! अर्धा केला आणि परत येणारा पल्स शून्य, पार शेवटच्या दशांशापर्यंत. कागदावर मांडून पाहिलं. लहर एका पावलात नेमका एक कप्पा चालत असेल, तर ५० ओहमला सूत्रातला जुन्या व्होल्टेजचा गुणक उडून जातो. उरतं करंट गुणिले ५०, बस्स. रात्री दीड वाजता हे दिसलं, मग झोप कसली.

ते वेळेचं पाऊल ०.२५ नॅनोसेकंदाचं, कारण केबलचा इंडक्टन्स मीटरला २५० नॅनोहेन्री धरला की वेग सेकंदाला २० कोटी मीटर येतो. ०.२६ केलं की शंभर पावलांच्या आत करवतीचे दाते उठतात आणि आकडे हाताबाहेर जातात; एका पावलात लहर एका कप्प्यापेक्षा जास्त चालू नये, ही कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांची १९२८ ची अट मोडते. नव्याने करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: इथे पाऊल ०.२० केलं तर उत्तर सुधारत नाही, बिघडतं. चौकोनी पल्सच्या कडेमागे लहरींचं शेपूट लागतं.

खऱ्या केबलवरही पाहिलं. आमच्या भागात यंत्रमाग चालू असले की स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) खरखर फार, म्हणून ते थांबेपर्यंत वाट पाहिली. टोक उघडं ठेवलं, म्हणजे पल्स तिथून परत येतो. मॉडेलचा प्रतिध्वनी २०० नॅनोसेकंदांवर, स्कोपवर २०६. गच्चीवर केबल पसरून टेपने मोजली, तर २० नव्हे, २०.६ मीटर! ४०० चे ४१२ कप्पे केले, दोन्ही जुळले.

स्कोपवरची कड मात्र मॉडेलपेक्षा गोलसर आहे. त्यात स्किन इफेक्टचा, म्हणजे वारंवारता वाढली की करंट तारेच्या पृष्ठभागालगतच वाहण्याचा, वाटा असणार; त्यामुळे होणारा रोध वारंवारतेच्या वर्गमुळाने वाढतो, त्यामुळे एकच ठरावीक रोध घालून भागणार नाही. आता तेच हाती घेतोय.