छातीवर बसतं ते कोण?

"भाऊ, रात्री छातीवर येऊन बसतं ते नेमकं काय असतं?" गावात हे मला बरेच जण विचारतात, बहुतेक हळू आवाजात. तुम्ही विचारलंत म्हणून माझ्यावर बेतलं ते सांगतो.

आमच्याकडे मोटारीची थ्री फेज लाइन काही दिवस रात्रीचीच असते. त्या रात्री हरभऱ्याला पाणी देऊन तीनला घरी आलो आणि बाजेवर उताणा पडलो. जाग आली तर दारात घोंगडी पांघरलेलं कोणीतरी उभं. ते जवळ आलं, छातीवर भार पडला. बायको हातभर अंतरावर झोपलेली, पण हाक फुटेना, बोट हलेना. फक्त डोळे फिरत होते. सकाळी मायनं उशाखाली विळा ठेवला.

पुढे वाचून उलगडा झाला. ठळक स्वप्नं पडतात ती बहुतेक रेम झोपेत, म्हणजे मिटल्या पापण्यांआड डोळे भराभर फिरत असतात त्या झोपेत. या झोपेवरचा पहिला शोधनिबंध १९५३ साली शिकागोहून आला. या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल करून ठेवतो, नाहीतर स्वप्नात धावताना आपण खरंच बाजेवरून उठून पळालो असतो. डोळे आणि श्वास तेवढे मोकळे राहतात. कधी मन आधी जागं होतं, अंगाचं कुलूप मात्र उघडत नाही. स्वप्नही संपलेलं नसतं, ते आपल्याच खोलीत, उघड्या डोळ्यांपुढे चालू राहतं. जागरणानं, अवेळी झोपल्यानं, उताणं झोपल्यानं हे वाढतं.

नात्यातल्या एका पोरीला याच पायी भगताकडे फिरवत राहिले. तिची शाळा सुटली. त्याचं मला अजून वाईट वाटतं. पोरीला पुरेशी झोप आणि धीराचे चार शब्द हवे होते.

स्वप्नात असतानाच 'हे स्वप्न आहे' असं कळणं, हे त्याचंच शेजारघर. १९७५ साली इंग्लंडात कीथ हर्न या संशोधकानं झोपलेल्या माणसाकडून त्याची खूण मिळवली: स्वप्नात आहोत हे कळताच त्यानं ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवले. डोळेच तर मोकळे असतात!

मागच्या हिवाळ्यात ते घोंगडीवालं पुन्हा आलं. मी झटापट केली नाही. श्वास चालू आहे, हे स्वप्न आहे, असं मनात म्हणत डोळे सावकाश इकडून तिकडे फिरवले. भार उतरला, पण जाग आली नाही. मी वावरात उभा होतो, आणि स्वप्नात आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. वाकून दांडातल्या पाण्यात हात घातला. पाणी थंडगार लागलं.