पित्त अंगावरचं, उपचार पोटाचे

पहिल्या रात्री संशय ढेकणांवर गेला. गादी उन्हात टाकली, चादरी उकळल्या. दुसऱ्या रात्री पोटावर, तिसऱ्या रात्री मांड्यांवर तशाच फुगीर, लालसर गांधी. खाजवून जीव नकोसा व्हायचा आणि सकाळी अंग स्वच्छ! डॉक्टरांना दाखवणार काय?

आपण याला ‘अंगावर पित्त उठणं’ म्हणतो, आणि त्या शब्दानेच माझे दोन महिने खाल्ले. पित्त म्हटलं की ज्याला त्याला पोट आठवतं. ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, एकेक पदार्थ बंद करून झाला, वहीत नोंदी झाल्या. वही भरली, वजन उतरलं, पित्त जिथल्या तिथे. मधे एकदा स्टेरॉइडच्या गोळ्या मिळाल्या. घेत होते तोवर जादू, थांबवल्यावर पुन्हा तेच.

शेवटी गाठलेल्या त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलं, गांध उठली की कडेने बॉलपेन फिरवा आणि २४ तासांनी बघा. दुसऱ्या दिवशी मांडीवर नुसतं निळं वर्तुळ, आत काही नाही. चार बोटं अंतरावर नवी गांध. एकच गांध २४ तासांहून जास्त टिकली, ठणकली किंवा डाग ठेवून गेली असती, तर रक्तवाहिन्यांच्या सुजेची शंका घेऊन बायोप्सी केली असती. माझं साधंच, पण ६ आठवड्यांच्या पुढे गेलेलं, म्हणजे जुनाट. त्वचेतल्या मास्ट पेशी खाज-सूज आणणारं हिस्टामिन सोडतात आणि बऱ्याचदा त्यांना चिथावते आपलीच प्रतिकारशक्ती. ॲलर्जीच्या तपासण्यांची लांबलचक यादी मीच मागितली होती. त्यांनी नको म्हटलं. तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू. मोजक्या रक्ततपासण्या झाल्या, त्यात थायरॉइडची एक.

माझी खरी चूक अँटिहिस्टामिनच्या, म्हणजे हिस्टामिनला अडवणाऱ्या गोळीतच होती. पित्त उठलं की घ्यायची, बसलं की बंद. ही गोळी गांध उठायच्या आधी अंगात असावी लागते, म्हणून रोज, ठरल्या वेळी. कमी झोप आणणारी नव्या पिढीची अँटिहिस्टामिन; एकीने भागेना म्हणून डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने चौपटीपर्यंत नेली. (हे स्वतःच्या मनाने करू नये.) मधेच पाठदुखीसाठी आयब्युप्रोफेन घेतली आणि संध्याकाळी ओठ सुजून आला. दुखण्यावरच्या अशा गोळ्यांनी पित्त भडकू शकतं, हे तेव्हा कळलं. जीभ सुजली किंवा श्वास अडकला तर थेट इमर्जन्सी, अशी ताकीदही मिळाली.

चौपटीनेही पुरतं भागलं नाही, तेव्हा ओमालिझुमॅब नावाच्या औषधाचं इंजेक्शन सुरू झालं: ३०० मिलिग्रॅम, दर ४ आठवड्यांनी, कातडीखाली. पहिल्याने फारसं काही नाही. दुसऱ्यानंतर एका सकाळी लक्षात आलं, रात्री जागच आली नव्हती.

रोज खाज आणि गांधींना प्रत्येकी ० ते ३ गुण द्यायचे, सात दिवसांची बेरीज जास्तीत जास्त ४२. माझी ३४ वरून ३ वर आली आहे. तेवढे तीनही जड पिशवीच्या पट्ट्याखाली उठलेल्या गांधींचे.