शेवंतीच्या खुरावरची रेघ

आज सकाळी नालबंद येऊन गेला. शेवंतीच्या पुढच्या उजव्या खुरावर एक आडवी रेघ होती, बोट फिरवलं की उंबऱ्यासारखी लागायची. आज खूर तासताना तिचा शेवटचा तुकडा निघाला, तो मी उचलून ओट्यावर ठेवलाय. खूर महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतो. घोडं उपाशी राहिलं, आजारी पडलं किंवा त्याचं खाणंपिणं एकदम बदललं की केसांच्या कडेपाशी खूण उठते आणि मग ती महिन्यामहिन्याने खाली सरकत जाते. म्हणजे ही रेघ म्हणजे ती इथे आली ते दिवस. नऊ महिने मी तिला खाली येताना बघत होते.

आणि आजच संध्याकाळी मी तिच्या पाठीवर बसले. अकरा मिनिटं. अजून हात थरथरतायत, पण आज नाही लिहिलं तर उद्या काहीतरी निसटेल.

ती वरातीची घोडी. मालकाबद्दल काही लिहीत नाही, त्याने कागदावर सही करून दिली तिथे तो विषय माझ्यासाठी संपला. मे महिन्यात लग्नसराई उतरताना टेम्पोतून आली तेव्हा फळीवरून खाली पाय टाकायलाच तिला अर्धा तास लागला. डॉक्टरांनी टेप लावली, छातीचा घेर १४०, लांबी १४४. घेराला घेराने गुणायचं, मग लांबीने, आणि ११,८८० ने भागायचं, की किलोत अंदाज येतो. २३८ आला. फासळ्या लांबूनसुद्धा मोजता येत होत्या.

पण मला रडू आलं ते तिचं तोंड बघून. ओठांचे दोन्ही कोपरे फाटून, भरून, परत फाटलेले. पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मधे जी मोकळी हिरडी असते, जिथे लगाम बसतो, तिथे कातडी अशी नव्हतीच. तिच्याबरोबर आलेल्या पिशवीत तो लगाम होता, काटेरी. असला लगाम १९६५ च्या नियमांपासून बंद आहे, तरी तो बनतो, विकला जातो आणि डीजेच्या समोर घोडी "नाचते" म्हणून लोक टाळ्या वाजवतात. ती नाचत नसते हो, तोंडातल्या काट्यापासून पळायला तिला जागा नसते. लग्नाला जाणाऱ्या प्रत्येकाने एकदा घोडीच्या तोंडाकडे बघावं असं मला फार वाटतं.

पाठीची तीच कथा. खोगीरभरती हा शब्द आपण किती सहज वापरतो, लेखात काहीतरी कोंबलंय म्हणून. खोगिरात चिंध्या-गवत कशीही कोंबली की गोळे होतात, आणि ते गोळे तासन्‌तास मणक्याच्या दोन्ही बाजूंना रुतले की काय होतं ते मी तिच्या पाठीवर बघितलं. हाताच्या पंजाएवढ्या दोन जखमा, त्यातल्या एकीवर अजून केस आलेले नाहीत, पांढऱ्या घोडीची काळी कातडी तिथे उघडी दिसते.

पहिले दहा दिवस सगळ्यात अवघड गेले, कारण खायला घालायचं नव्हतं. म्हणजे घालायचं होतं, पण मोजून. आप्पा म्हणाले, "ताई, हरभरा भिजवा, चंदी चालू करा, चार दिसांत उभी ऱ्हाईल." आप्पांचं अख्खं आयुष्य मेंढरांमागे गेलंय, घोड्यावर बिऱ्हाड लादून दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात आणि पावसाळ्याआधी परत, त्यांचं घोड्यातलं ज्ञान माझ्या शंभरपट. पण इथे डॉक्टरांनी हात धरला. इतक्या दिवसांच्या उपाशी जनावराला एकदम चंदी, म्हणजे दाणा, दिला तर रक्तातली साखर चढते, तिच्यापाठोपाठ फॉस्फरस नि मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढले जातात, रक्तात उरतच नाहीत आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी घोडं हृदय बंद पडून जातं, खायला मिळत असताना जातं. म्हणून फक्त लसूणघासाचा चारा, थोडाथोडा, दर चार तासांनी, रात्रीसुद्धा. ती बादली चाटत राहायची आणि मी पाठ फिरवून घरात यायचे. आप्पा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. दहाव्या दिवशी स्वतःच विळा घेऊन घास कापायला आले.

त्याच दिवसांत रक्ताचा नमुना ग्लँडर्ससाठी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे गेला होता. तो पॉझिटिव्ह आला असता तर तिला मारावंच लागलं असतं, उपचार नाही, माणसालाही होतो तो रोग. रिपोर्ट येईपर्यंत मी तिला नाव दिलं नव्हतं. निगेटिव्ह आला त्या संध्याकाळी शेवंती ठेवलं.

मग जंत, दात (दाढांच्या कडा इतक्या धारदार झालेल्या की गालाला आतून चरे पडलेले), धनुर्वाताचं इंजेक्शन, ते सगळं झालं. पावसाळा मी गोठ्यात पाटावर बसून काढला. काहीच करायचे नाही, तिच्याकडे बघायचंही नाही, बसून राहायचं. ऑगस्टमध्ये एकदा तिने मागून येऊन माझ्या खांद्याला नाक लावलं आणि फुरफुरली, तो शेंबूड शर्टाला तसाच दिवसभर ठेवला मी. खरारा करू द्यायला लागली, आधी मानेपर्यंत, मग पाठीपर्यंत. मोरखी, म्हणजे तोंडावरून बांधायची दोरी, घालून बांधाबांधाने फिरायला जायचो. जमिनीवर बांबू टाकून त्यावरून चालवायचे, पाय उचलला की पोट नि पाठ दोन्ही कामाला लागतात, वाळलेली पाठ वजन न घालता भरायला यासारखं दुसरं काही नाही. नंतर लांब दोर घेऊन मागून चालायचं. हे सगळं लगामाशिवाय, नाकावरच्या पट्ट्यावर. तिच्या तोंडात लोखंड परत जाणार नाही हे पहिल्याच आठवड्यात ठरवलेलं.

आता माझी चूक. नोव्हेंबरपर्यंत खोगीर पाठीवर नुसतं ठेवलं तर ती शांत उभी राहायची, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालून आवळायचा पट्टा, हाताने पोटाखाली धरला तरी चालायचं. आप्पा म्हणाले, "आता न्हाय, अजून कान मागं जात्यात." मला दिसत होतं, तरी मी घाई केली. तुळशीचं लग्न होऊन दोन दिवस झालेले, मी तंग बांधला आणि वर एक भोक जास्त ओढलं, आणि नेमका त्याच वेळी खालच्या रस्त्याने बँड वाजत गेला, सीझनची पहिली वरात. ती उधळली नाही. उधळली असती तर बरं झालं असतं. ती जागच्या जागी ताठ झाली, डोळे विझल्यासारखे, चारही पाय थरथर, आणि घामाने पाच मिनिटांत भिजली. छातीला कान लावून ठोके मोजले तर मिनिटाला ९० च्या वर, एरवी ३८-४० असतात. तिला वाटलं असणार की परत तेच. आणि तो तंग मीच आवळला होता. पुढचे सहा आठवडे खोगीर दिसलं की ती भिंतीला टेकून उभी राहायची, माझ्याकडे पाठ करून. मी परत पाटावर जाऊन बसले, जूनसारखी.

खूप जण म्हणाले, आता बसायचंच कशाला तिच्यावर, चरू दे की आयुष्यभर. हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारला. पण मी पन्नाशीची आहे आणि ती जेमतेम नऊ वर्षांची, घोडी पंचवीस-तीस वर्षंही जगते. उद्या मला काही झालं तर पाठीवर कुणाला बसू न देणारं घोडं कुणीही ठेवत नाही, ते बाजारात जातं आणि बाजारातून परत वरातीत. तिला शांतपणे रपेट करता आली तर तिला हवीशी म्हणणारं चांगलं घर मिळेल. मला हे पटलंय, म्हणून करतेय.

खोगीर नवीन शिवून घेतलं, मणक्यावर बोटभर मोकळी जागा राहील असं. वजन आता ३२२. तिच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर भार नको असं धरलं तर ६४ होतात, मी ५१ आणि खोगीर ६, म्हणजे बसतंय.

आज ऊन उतरल्यावर तंग बांधला, एकेक भोक, प्रत्येक भोकानंतर थांबून. कान पुढेच. दगडावर चढले, पोटावर आडवी झाले, उतरले. परत. तिसऱ्या वेळी तिने मान वळवून माझ्या गुडघ्याचा वास घेतला, आणि मी पाय पलीकडे टाकला. रिकिबीत पाय नव्हता. आप्पा पुढे दोर धरून, पण दोर सैल. जांभळीपर्यंत चालत, वळून परत, पुन्हा एकदा. मधे आप्पांनी दोर सोडून खांद्यावर टाकला आणि मला सांगितलंसुद्धा नाही, वळणावर माझं लक्ष गेलं. मी नुसता श्वास सोडला तर ती थांबली.

उतरले, खोगीर काढलं, खाली पाठ घामाने दोन्हीकडे सारखी ओली, म्हणजे कुठे रुतत नाही. मोकळी सोडली तर धुळीत आडवी झाली आणि चांगली दोनदा इकडून तिकडे लोळली.

उद्या सुट्टी तिला. पाठ दाबून बघायची आहे सकाळी, कुठे दुखतंय का. आणि खडेमीठ संपलंय, आणायचंय.