नोकरी असताना स्वतःचा गाळा

रविवार, रात्र.

भोसरीत लहानसा गाळा भाड्याने घेऊन जिग आणि फिक्स्चर, म्हणजे काम करताना सुटे भाग अचूक जागी धरून ठेवणारी साधने, बनवण्याचे काम सुरू करायचे, हे माझ्या मनाशी आता नक्की झाले आहे. नोकरी मात्र इतक्यात सोडायची नाही. मी ज्या कारखान्याच्या टूलरूममध्ये डिझाइन करतो तेथेही हेच काम होते, त्यामुळे वेळ कसा काढायचा यापेक्षा कोणाचे काम घ्यायचे आणि कोणाचे नाही, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो.

दुपारी नेमणूकपत्र पुन्हा नीट वाचले. लेखी परवानगीशिवाय अन्य व्यवसाय करू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. अशी कलमे न्यायालयात टिकत नाहीत, असे सहकारी ठामपणे सांगतात, पण ते अर्धेच खरे आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे धंद्याला आडकाठी करणारा करार सर्वसाधारणपणे रद्दबातल ठरतो. तथापि कल्याणच्या टायर कॉर्ड कारखान्यातून उद्भवलेल्या सेंच्युरी स्पिनिंग कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली असा निर्णय दिला की, नोकरीचा करार चालू असेपर्यंत लागू असलेले बंधन सहसा या कलमाच्या कक्षेत येत नाही. मला हे न्याय्य वाटते. ज्याचा पगार घेतो, त्याच्याच ग्राहकाला मागच्या दाराने कमी दर देणे कोणत्याही कलमाशिवायही गैरच आहे.

ड्रॉइंगच्या बाबतीतही माझ्या मनात संदेह नाही. नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या ड्रॉइंगचे स्वामित्व, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जाते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तशी तरतूद आहे. म्हणून कारखान्यातील एकही फाइल घरच्या संगणकावर येणार नाही. लोकेटिंग पिन कोठे द्यावी, क्लॅम्प कोणत्या बाजूने आवळावा, वेल्डिंगनंतर आकसणारी फ्रेम किती ओढली जाईल याचा अंदाज कसा बांधावा, ही समज मात्र वर्षानुवर्षे हाताखालून काम गेल्याने आलेली आहे आणि ती माझी आहे. तिच्यावरच हा धंदा उभा राहायला हवा.

आमचा कारखाना वाहनांच्या सुट्या भागांचे काम करतो. त्यामुळे मी ते क्षेत्र पूर्णपणे वर्ज्य करून पेरणी यंत्रे व नांगर बनवणाऱ्या लहान कारखानदारांकडे जाणार आहे. त्यांच्यापैकी अनेक जण आजही फ्रेम जमिनीवर मांडून, गुण्या लावून जोडतात आणि कर्ण जुळला नाही की हातोड्याने सरळ करतात. साध्या वेल्डिंग फिक्स्चरने त्यांचे कितीतरी श्रम वाचतील. हे काम मला मनापासून करावेसे वाटते.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, विनामूल्य आहे आणि आधारवर होते. जीएसटी नोंदणीसाठीच्या उलाढालीच्या मर्यादेकडे मात्र लक्ष ठेवावे लागेल, कारण ग्राहकाच्या मालावर केलेले जॉबवर्क सेवेत मोडते आणि महाराष्ट्रात सेवेसाठी ती मर्यादा वार्षिक २० लाख रुपये आहे.

परवानगीचे पत्र लिहून ठेवले आहे. कोणते काम घेणार, कोणत्या ग्राहकांना हात लावणार नाही आणि काम फक्त सुट्टीच्या दिवशी व शिफ्ट संपल्यावर होईल, हे तिन्ही मुद्दे त्यात आहेत. उद्या ते साहेबांच्या हाती देईन. लेखी उत्तर मिळेपर्यंत गाळ्याच्या करारावर सही करणार नाही.