पोटाचं माप

गेल्या लग्नसराईत शिवलेला एक कोट अजून डोक्यातून उतरत नाही. कोट उत्तम झाला. बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या कटिंग टेबलावरून गेलेल्या मोजक्या चांगल्या कोटांत मी तो धरीन. पण त्या गिऱ्हाइकाचं नेमकं काय झालं हे मला नीट उलगडलेलं नाही, म्हणून लिहून काढतोय.

गिऱ्हाईक खानापूरकडचं. गावात किराणा दुकान, पन्नाशी ओलांडलेली, थोरल्या लेकीचं लग्न ठरलेलं. सोबत बायको. अंगात मांडीपर्यंत आलेला ढगळ बुशशर्ट, पँट पोटाखाली उतरलेली, पट्टा करकचून आवळलेला. आत आले ते आरशाकडे पाठ करूनच बसले.

"मास्तर, पोट दिसू नये असं काय तरी करा बघा."

वहिनींनी बाकीचं सांगितलं. आधी एका मोठ्या शोरूमला जाऊन आले होते. तिथल्या पोरानं लांबूनच यांच्या अंगावर नजर फिरवली आणि "या साईजमधी न्हाई" म्हणाला. मग कुठून तरी फोर एक्सेल काढून आणला, तर त्याचे खांदे यांच्या दंडावर लोंबायला लागले. ते सांगताना वहिनी चिडल्या होत्या. हे मात्र छताच्या पंख्याकडे बघत होते.

रेडिमेडची अडचण अशी की तिथे सगळं एकदम वाढतं. छाती वाढली की खांदा वाढवतात, बाही वाढवतात, आणि कमर छातीपेक्षा साधारण सहा इंच कमी धरतात. यांची छाती ४८, पोट ५२ आणि खांदा साडेअठरा. म्हणजे खांदा चारचौघांसारखा. पोट मावेल असा कोट घ्यायचा तर खांदा, मुंढा (बाही जोडतात तो घेर), बाही सगळं वाया जातं आणि माणूस आहे त्याहून आडवा दिसतो. जाड माणसाला कपडा ढगळच हवा, ही समजूत आमच्याच धंद्यातल्या आळशी लोकांनी वाढवली आहे असं माझं स्पष्ट मत आहे. ढगळ शिवायला डोकं लागत नाही.

आमच्या धंद्यातली आणखी एक रीत मला कधीच पटली नाही. मास्तर टेप लावतो आणि आकडा मोठ्यानं पुकारतो, पोरगं वहीत लिहून घेतं. बाकड्यावर बसलेली माणसं ऐकत असतात. कारागिरानं "ऐवत्तेरडु" म्हणून कन्नडमध्ये पुकारलं तरी बेळगावात बावन्न कुणाला कळत नाही? छातीचा आकडा ऐकून कुणी वळून बघत नाही, पोटाचा ऐकून बघतात. म्हणून जाड गिऱ्हाइकाचं माप मी स्वतःच वहीत उतरवतो.

पोटाला टेप लागली की माणूस श्वास आत ओढतो. झाडून सगळे ओढतात, यांनीही ओढला. त्या मापावर कोट कापला तर जेवायला बसल्यावर बटण ताटात पडतं. "पोट सोडा" असं मात्र तोंडावर सांगायचं नाही. मी विचारलं, "काय आण्णा, औंदा तुमच्याकडं पाऊस कसा?" खानापूरच्या माणसाला पावसाबद्दल विचारलं की जांबोटी-कणकुंबीपर्यंतचा वृत्तांत येतो. बोलायचं तर श्वास सोडावाच लागतो. तेवढ्यात माप घेतलं. मग खुर्चीवर बसवून पुन्हा घेतलं, कारण बसल्यावर पोट दोनेक इंच तरी वाढतं.

त्यांना कापड उभ्या पट्ट्यांचं हवं होतं. उभ्या पट्ट्यांनी माणूस बारीक दिसतो, हे सगळेच ऐकून असतात. पण गोल पोटावर त्याच पट्ट्या बाहेरच्या अंगाला वाकतात आणि गोलाई आखून दाखवतात. माझा मुलगा शिकलेला आहे. त्यानं मला दाखवलं होतं की हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८६७ सालीच लिहून ठेवलंय, आडव्या रेषांनी भरलेला चौकोन उंच आणि अरुंद भासतो, उभ्या रेषांचा रुंद. तरी मी जाड माणसाला आडव्या पट्ट्या घालत नाही, पण उभ्यांचा आग्रह मात्र मोडून काढतो. गडद निळं, चमक नसलेलं टेरीवूल काढलं. चकाकणारं कापड पोटावर उजेड पकडतं. पन्हा ५८ इंच, चार मीटर लागलं.

कटिंगला अख्खी सकाळ घेतली. पोट मोठं असलं की माणूस तोल सांभाळायला मागे झुकून उभा राहतो. त्यामुळे कोटाची पुढची बाजू जास्त लांब आणि पाठ थोडी आखूड कापावी लागते, नाहीतर पुढचा घेर वर उचलला जातो. खिशाच्या रेषेत आडवी चीर देऊन डार्ट, म्हणजे जादा कापडाची चिमटीसारखी शिवण, मिटवला, तो खिशाच्या झाकणाखाली दडतो. त्यानं कापड पोटाखाली पुन्हा अंगाकडे वळतं, तंबूसारखं सुटत नाही. दोन बटणं, त्यातलं लावायचं ते बेंबीच्या जरा वर. मागे दोन्ही बाजूंना कट. कॉलरची पाती छातीच्या मानानं रुंद, कारण एवढ्या छातीवर चिंचोळी पाती केविलवाणी दिसते. पँट पोटाखाली न नेता बेंबीवर, पुढे दोन प्लेट, मोरी, म्हणजे पायाशी घेर, साडेसतरा, आणि पट्ट्याऐवजी गॅलिस, म्हणजे खांद्यावरून पँट धरणाऱ्या पट्ट्या. गोलाईवर पट्टा टिकत नाही, घसरतोच. गॅलिस म्हटल्यावर हे बिचकले, पण कोटाच्या आत कोण बघतंय म्हटल्यावर कबूल झाले. टायसुद्धा लांब मागवायला लावला. साधा टाय ५७-५८ इंचांचा, तो पोटावरून जाताना निम्म्यातच संपतो.

ट्रायलच्या दिवशी कच्च्या टाक्यातला कोट चढवला, खांद्यावरून हात फिरवला आणि धरून आरशाकडे वळवलं. खांद्याला एक सुरकुती नव्हती. पाठ सरळ, घेर चारी बाजूंनी सारखा. पुढची पट्टी छातीपासून खाली एका रेषेत उतरली होती. माझा कारागीर मशीन थांबवून बघायला लागला. वहिनी म्हणाल्या, "आत्ता कुठं लेकीचे वडील दिसतासा."

ते बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "मास्तर, सगळीकडनं दोन इंच ढिला करा."

मी समजावलं. ढिलं केलं की घड्या पडतील, घड्या पडल्या की अंग वाढलेलं दिसेल, खांद्याचा सगळा खेळ जाईल. ते ऐकून घेत होते. शेवटी हळूच म्हणाले, "तसं न्हवं. यात कळतंय, पोट कुठवर हाय ते."

मी म्हणालो, "आण्णा, ते लोकांना आजपण ठाऊक हाय."

दुकानात कुणी काही बोललं नाही. त्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला. "बरं, ऱ्हाऊ द्या तसाच." मी बाजूच्या शिवणीत दीड इंच कापड आत ठेवून दिलं, पुन्हा मागितलं तर सोडता यावं म्हणून.

लग्नानंतर वहिनींनी मोबाईलवर फोटो दाखवले. सगळ्या फोटोंत कोट अंगावर आहे. अक्षता पडताना, व्याह्यांची गळाभेट घेताना, पंगतीत वाढताना. खांदा कुठेही हललेला नाही. आणि जिथे ते नुसते उभे आहेत त्या प्रत्येक फोटोत त्यांचा डावा हात पोटावर आहे, बरोबर बटणावर. तिथलं कापड चुरगळलंय. वर्षानुवर्षं ढगळ शर्टाआड जे लपवलं, ते आता हातानं झाकत होते. मी त्यांना बोललो ते खरं होतं आणि कोटही बरोबर होता, याबद्दल मला शंका नाही. त्या हाताचं काय, ते मला शिवणकामातून सुचत नाही.

परवा ते एकटेच आले, दोन शर्ट टाकायला. खांदा "कोटासारखाच" ठेवा म्हणाले, तेव्हा बरं वाटलं. टेप लावली तर पुन्हा श्वास आत, पुन्हा मी पाऊस विचारला. बाहेर सोडायचा शर्ट आहे. खालचा घेर सरळ, बाजूला छोटे कट, लांबी पँटच्या चेनच्या निम्म्यापर्यंत. त्याहून लांब गेला की पाय आखूड दिसतात. पोटावर चार इंच सैल पुरतं. ते सहा मागून गेलेत. मी पाच धरायच्या विचारात आहे. उद्या कापायचा आहे, वहीतली ती जागा अजून मोकळीच आहे.