इंपीरियल खोऱ्यातली पंजाबी-मेक्सिकन घरे

कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल खोऱ्यात राबायला गेलेल्या पंजाबी पुरुषांना अमेरिकेच्या १९१७ च्या स्थलांतर कायद्यामुळे मायदेशातून बायको आणणे जवळजवळ अशक्य झाले, तेव्हा त्यांतल्या अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी संसार थाटले. चुलीवर रोटी आणि तोर्तिया, म्हणजे मेक्सिकन पोळी, दोन्ही भाजल्या जात, आणि मुले आईची स्पॅनिश बोलत मोठी होत. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद या पंजाबी माणसाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाने हे पुरुष तिथल्या नागरिकत्वाला अपात्र ठरले, त्यामुळे राज्याच्या १९१३ च्या कायद्याने त्यांची जमीनमालकीही नाकारली. मग घाम गाळून कसलेले रान कधी विश्वासातल्या गोऱ्या माणसाच्या, तर कधी तिथेच जन्मलेल्या लेकराच्या नावे होऊ लागले. मी शेतकऱ्याच्या घरात वाढले. स्वतःच्या रानाच्या कागदावर आपले नाव नसणे बापाला किती लागत असेल, हे मला नीट कळते. नागरिकत्वाची वाट १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने मोकळी झाली, पण तोवर कित्येकांचे वय उतरले होते.