आमची वाटचाल: ओक्लाहोमातील तांबडा सीडर आणि आमचे फिरते करवतयंत्र

मिरजेत आमच्या आजोबांची सागवानाची वखार होती, त्यामुळे ओंडका पाहून त्यातून किती फळ्या पडतील याचा अंदाज मला लहानपणापासून बांधता येतो. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात आल्यावर पशुपालक तांबड्या सीडरचे ढीग रचून पेटवून देताना पाहिले आणि जीव तुटला. माळावर पूर्वीसारखा वणवा फिरू दिला जात नाही, म्हणून एरवी आगीत सहज मरणारे हे पातळ सालीचे झाड तिथे कुरणेच्या कुरणे गिळते आणि पशुपालकाचा वैरी ठरते. नावाने सीडर असला तरी कुळाने तो ज्युनिपर आहे. जांभळट तांबड्या गाभ्याच्या या लाकडाच्या पेन्सिली एके काळी जगभर जात, आणि कपड्यांना कसर लागू नये म्हणून कपाटांना व पेट्यांना आतून याच्याच फळ्या मारतात. मी कर्ज काढून ट्रेलरवरचे करवतयंत्र घेतले आणि थेट कुरणात जाऊन ओंडके कापू लागलो.

पहिल्याच वर्षी एक वयस्क सुतार आमच्याकडे येऊ लागले. खिशातून लहान रंधा काढून ते फळीच्या कडेवरून एकच छिलका काढत, बोटांत चुरून हुंगत आणि मगच भाव विचारत. पांढरा भाग जास्त असलेली फळी ते शांतपणे बाजूला ठेवत. आमच्या मालाची प्रत सुधारली ती त्या बाजूला ठेवलेल्या फळ्यांमुळे.

तिसऱ्या वर्षी धंदा बुडायचीच वेळ आली. एका मोठ्या खरेदीदाराने पशुपालकांना आमच्या सव्वापट दर देऊ केला, आणि महिनाभरात आमच्याकडे येणारे ओंडके थांबले. ओंडक्यातून किती लाकूड पडेल हे त्याच्या व्यास-लांबीवरून कोष्टकाने ठरवतात आणि त्या मापावर दर लागतो. आम्ही आंतरराष्ट्रीय पाव इंची कोष्टकाने मोजत होतो, तो डॉईलच्या कोष्टकाने मोजत होता. डॉईलच्या रीतीत व्यासातून सरसकट 4 इंच वजा होतात. जाड ओंडक्याला त्याचे फारसे काही वाटत नाही, पण आमचा सीडर बारीक, त्यामुळे त्याचा निम्म्याच्या आसपास जीव तिथेच जातो. 10 इंच व्यासाचा, 8 फूट लांबीचा ओंडका डॉईलने 18 बोर्ड फूट (एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड लाकूड म्हणजे एक बोर्ड फूट) भरतो आणि आमच्या मापाने 30. सव्वापट दराने 18 चे साडेबावीसच होतात, हे साधे गणित मी दारोदार सांगत फिरलो, पण परदेशातून आलेल्या माणसाच्या हिशेबावर कोणी विश्वास ठेवेना. चार महिने यंत्र ताडपत्रीखाली उभे होते, हप्ते मात्र चालू होते. त्या काळात त्याच वयस्क सुतारांनी पुढच्या वर्षभराच्या फळ्यांचे पैसे आगाऊ दिले, पावतीही मागितली नाही. शेवटी मी यंत्र एका पशुपालकाच्या अंगणात नेले, शेजाऱ्यांना बोलावले, त्याच मापाचा ओंडका सर्वांसमोर कापला आणि पडलेल्या फळ्या त्यांनाच मोजायला लावल्या. एकोणतीस बोर्ड फूट भरले. पुढच्या आठवड्यात ओंडके पुन्हा येऊ लागले. त्या खरेदीदाराने मला गावठी हिशेबनीस म्हटल्याचे कानावर आले होते, ते मी अजून विसरलेलो नाही.

त्यानंतरची नऊ वर्षे कामातच गेली.

नव्याने यंत्र घेणाऱ्यांना एवढेच सांगतो की, सीडरच्या वाळलेल्या गाठींवर 10 अंश पुढे झुकलेल्या दातांचे पाते वर-खाली पळते आणि फळी नागमोडी पडते. 7 अंशांचे घ्या आणि पात्यावर साबणाचे पाणी सतत सोडत राहा. कुंपणाकाठचे झाड असेल तर धातुशोधक फिरवल्याशिवाय करवत लावू नका, कारण काटेरी तार खोडाच्या पोटात गेलेली असते आणि वरून सालीला ओरखडाही दिसत नाही. पेटीला आतून पॉलिश तर कधीच लावू नका, वास कोंडतो. काही वर्षांनी तो मंदावलाच तर बारीक पॉलिशपेपरचा एक हात पुरतो. आणि ओंडके विकताना कोणत्या कोष्टकाने मोजणार, हे ट्रकमध्ये माल चढण्याआधी लेखी घ्या. आमच्या दरफलकावर आता दोन्ही मापे शेजारी शेजारी लिहिलेली असतात.